काचेमागचे दुसरे पान

मित्रांनो, मी एक जुना सूचना फलक आहे. ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर टांगलेला, काचेची दोन दारे असलेला आणि त्या दारांना कुलूप असलेला. माझ्यासारखे फलक तुम्ही पाहिले असतील, पण थांबून वाचले असतील असे मला वाटत नाही. हल्ली मला तेच बरे वाटते. पूर्वी कोणी माझ्यासमोर थांबले नाही, तर मी दिवसभर तोंड पाडून असायचो. आज कोणी थांबले की मला तोंड लपवावेसे वाटते. असे का झाले, ते तुम्हांला सांगतो. सांगायला लाज वाटते, पण इतके दिवस न सांगता राहिलो याची लाज त्याहून मोठी आहे.

माझा जन्म कोडोलीचा. तिथल्या एका सुताराने मला घडवले. त्याने रंधा मारून मला गुळगुळीत केले, वर हिरवे कापड ताणून ठोकले आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा आता. अख्ख्या गावाला वाचून दाव!" मग उसाच्या रिकाम्या ट्रॉलीतून मी या गावी आलो. पन्हाळ्याला जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. गावाचे नाव मी सांगणार नाही. चूक माझी आहे, नाव गावाचे कशाला खराब करू?

तेव्हा मला काच नव्हती. लोक माझ्यावरचे कागद हाताने चाचपून वाचायचे. गुऱ्हाळावरून आलेले चिकट हात, शेणाचे हात, तंबाखू मळलेले हात, सगळे माझ्या अंगावरून फिरायचे. एका कागदाखाली दुसरा असला, तर बोटाला थुंकी लावून वरचा उचलायचे आणि खालचाही वाचायचे. मला त्याची फार किळस यायची. कागदांचे कोपरे काळे पडायचे, फाटायचे. कोणी टाचण्या काढून दात कोरायला न्यायचे. गोठ्यातल्या म्हशीलाही इतके कोणी चाचपत नसेल, असे मला वाटायचे.

पुढे हंबीरराव सरपंच झाले. त्यांना टापटीप आवडायची. त्यांनी मला काचेची दारे बसवली आणि पितळी कुलूप लावले. त्या वर्षी खंडेनवमीला पंचायतीतल्या टाइपरायटरसोबत माझीही पूजा झाली. कुलपाला हळदकुंकू लागले, झेंडूची माळ पडली. मी असा काही मिरवलो, की विचारू नका. समोर बाजाराचे मैदान, दर बुधवारी तिथे आठवडी बाजार भरायचा. ऊन पडले की सगळा बाजार माझ्या काचेत उतरायचा. आता कोणाचे बोट मला लागणार नाही, याचा मला केवढा आनंद झाला होता! मित्रांनो, त्या आनंदाची आठवण आली की आज माझे लाकूड आतून आक्रसते.

कुलपाची किल्ली शिवपुत्र यांच्याकडे असायची. ते पंचायतीचे क्लार्क. सरळ माणूस, कपाळावर विभूती, शर्टाच्या खिशात लाल पेन. त्यांचे काम म्हणजे काटेकोरपणाचा नमुना. वरून आलेला प्रत्येक आदेश ते एका वहीत नोंदवत, त्याच्या क्रमांकाभोवती लाल गोल काढत, पाने असतील तितकी एकत्र स्टेपल करत आणि चार कोपऱ्यांत चार टाचण्या टोचून मला देत. आदेश बदलला की त्याच दिवशी जुना काढत आणि नवा लावत. त्यांच्या हाताला सवय होती आणि मला त्यांच्या हाताची सवय होती. आम्हा दोघांनाही वाटायचे, आपण कधी चुकत नाही.

मग ती साथ आली. बाजार बंद झाला, शाळा बंद झाली, माणसे घरात बसली आणि माझे महत्त्व एकदम वाढले. मुंबईत निर्णय व्हायचा, मग जिल्ह्याचा आदेश निघायचा, मग तालुक्याचे पत्र यायचे. दुकाने किती वाजेपर्यंत उघडी, लग्नाला किती माणसे, परगावाहून आलेल्याने किती दिवस वेगळे राहायचे, सगळे दर पंधरा दिवसांनी बदलायचे. माणसे गोंधळून जायची. शिवपुत्र मात्र कधी गोंधळले नाहीत. कोणता आदेश चालू, कोणता रद्द, कोणत्यात काय बदलले, हे ते वही न उघडता सांगत. शेजारच्या गावांचे क्लार्क त्यांना फोन करून विचारायचे, "अण्णा, आज काय चालू हाय आणि काय बंद?" लोक तोंडाला रुमाल बांधून माझ्यासमोर लांब लांब उभे राहायचे. खरे सांगतो, साथीच्या दिवसांत असे वाटणे वाईट, पण मला ते आवडायचे.

लस आली, तेव्हा तिची पहिली यादी माझ्यावरच लागली. साठ वर्षांच्या पुढच्यांनी उपकेंद्रात यावे, असे त्यात लिहिले होते. लोक घाबरत होते. पण सुलतानबींनी यादी वाचली आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन पहिली लस घेतली.

सुलतानबी बांगड्या विकतात. बाजाराच्या मैदानात, दवाखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी, चाळीस वर्षे त्यांची एकच जागा. पुढ्यात लाकडी पेटी, बाजूला काकणांच्या माळा. गुडघे गेल्यापासून गावोगाव फिरणे त्यांना जमत नव्हते, म्हणून बुधवारचा बाजार हीच त्यांची रोजी होती. पाच गावांतल्या बायका नव्या नवरीला हिरवा चुडा भरायला तिथेच घेऊन यायच्या. शिवपुत्र यांच्या बायकोचा लग्नाचा चुडाही त्यांनीच भरला होता. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि चष्मा लावून माझ्यावरचे प्रत्येक अक्षर वाचायच्या. माझ्यावर कोणाचा जीव असेल, तर तो त्यांचाच होता.

लस घेतल्यावर अर्ध्या तासात त्यांचा चेहरा सुजला, श्वास कोंडला. उपकेंद्रातल्या डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिले, म्हणून त्या वाचल्या. डॉक्टर म्हणाले, असे लाखांत एखाद्याला होते. दुसरी लस तुम्ही घ्यायची नाही. तसे पत्रही त्यांनी लिहून दिले. तरी सुलतानबींनी लसीला नावे ठेवली नाहीत. उलट बायकांना सांगत राहिल्या, "माझं अंग तसलं हाय. तुमी जावा, घ्या." निम्म्या गल्लीने त्यांच्या सांगण्यावरून लस घेतली.

त्या हिवाळ्यात, बंद पडलेला बाजार पुन्हा भरू लागल्यावर, तो आदेश आला. दोन पानांचा होता. पहिल्या पानावर आठ मुद्दे होते आणि पाचवा मुद्दा असा, की ज्यांच्या दोन्ही लसी पूर्ण झाल्या आहेत, त्याच विक्रेत्यांना आठवडी बाजारात बसता येईल. शिवपुत्र यांनी पहिले पान तीनदा वाचले, लाल गोल काढला. दुसरे पान त्यांनी उलटून नुसते खाली पाहिले. तिथे 'प्रत माहितीसाठी' असे लिहिलेले होते आणि त्याखाली साहेबांची लांबलचक यादी. सरकारी पत्राच्या शेवटच्या पानावर तीच यादी असते. बावीस वर्षांत त्यांनी अशी हजार पाने पाहिली होती. त्यांनी दोन्ही पाने स्टेपल केली, चार टाचण्या टोचल्या आणि कुलूप लावले.

पण त्या यादीच्या वर, पानाच्या अगदी माथ्याला, नववा मुद्दा होता. वैद्यकीय कारणामुळे ज्यांना लस घेता येत नाही, त्यांनी डॉक्टरांचे पत्र दाखवल्यास त्यांना या अटीतून सूट राहील. एवढाच. ते पान माझ्या हिरव्या कापडाला टेकले होते. गावात तो मुद्दा फक्त मला माहीत होता.

आमच्या बाजाराचा एक जुना दंडक आहे. ज्याची जागा त्याने स्वतः बसून राखायची. सलग आठ बाजार जागा रिकामी राहिली, की ती पुढच्या अर्जदाराची. गोणपाट ठेवून किंवा दुसऱ्याला बसवून चालत नाही. हा नियम कोणी एकाने केलेला नाही, सगळ्यांनीच पाळत आणलेला आहे. म्हणजे सुलतानबींच्या हातात आठ बुधवार होते.

पहिल्या बुधवारी त्या डॉक्टरांचे पत्र घेऊन आल्या. शिवपुत्र यांनी ते नीट वाचले आणि परत दिले.

"चाची, ह्यात तुमी लस घ्यायची न्हाय असं लिवलंय. बाजारात बसायचं असं कुठं लिवलंय?"

"आरं, घिऊ नको म्हणत्यात डॉक्टर, आन् घेतल्याबिगर बसू नको म्हणतोस तू. मग मी जाऊ कुठं?"

"मी न्हाय म्हणत, आदेश म्हणतोय. बोर्डावर लावलाय, वाचा की."

त्यांनी वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मी काय करणार होतो? पहिले पान छातीवर घेऊन उभा राहिलो.

दुसरा बुधवार गेला, तिसरा गेला. चौथ्या बुधवारी कोणीतरी माझ्यासमोरच त्यांच्या कानाशी लागले. दुसऱ्या लसीचे सर्टिफिकेट मिळवून देतो, लस टोचून घ्यायची गरज नाही, म्हणाले. सुलतानबी ताडकन म्हणाल्या, "खोटा कागुद खिशात ठिवून लेकीबाळींचं हात धरू व्हय मी? जा तिकडं!" मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला आणि स्वतःची तितकीच शरम वाटली. खऱ्या कागदाने त्यांचे काम होणार होते आणि तो माझ्यापाशी होता.

पाचव्या बुधवारच्या आधी उपकेंद्रातल्या नर्स विद्याश्री बाजाराच्या वाटेने चालल्या होत्या. वाड्यावस्त्यांवर लस द्यायला जायची त्यांची घाई होती. सुलतानबींची अडचण ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, "असं कसं हुईल चाची? कुठंतरी सूट दिली असणारच की. नीट बघा."

पाचव्या बुधवारी सुलतानबी पेटी घेऊनच नीट बघायला आल्या. आदेश पाठ झाला होता, तरी पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. मग त्यांनी मान वाकडी केली, गाल काचेला टेकवला आणि बाजूने आत पाहिले. त्यांना कागदाची दुहेरी कड दिसली.

त्यांनी काचेवर बोट ठेवले. बरोबर त्या कोपऱ्यावर ठेवले. मित्रांनो, काच नसती तर ते बोट पानाखाली गेले असते! थुंकी लावलेले, काकणांच्या लाखेचा वास येणारे ते बोट मला हवे होते. मी हवे ते केले असते. टाचणी सोडून दिली असती. पण सुताराने मला चांगल्या लाकडाचे बनवले होते आणि चांगले लाकूड टाचणी सोडत नाही.

"शिवपुत्रा," त्यांनी आत हाक मारली. "जरा भाईर ये की. ह्याच्याखाली आणि एक पान हाय."

शिवपुत्र दारात आले. त्यांच्या हातात तीन नवे आदेश होते आणि कानाला फोन. "व्हय, हाय की. त्यात काय न्हाय चाची. कुणाकुणाला प्रती पाठवल्या, त्याची यादी असतीया."

"तू वाचलंयस का?"

"बावीस वर्षं हेच करतोय मी."

"उघडून दाव की एकदा. माझ्या जिवाला बरं वाटंल."

किल्ली त्यांच्या खिशात होती. लाल पेनाशेजारी. मला तिची कड दिसत होती. पण त्यांना त्या प्रश्नाचा राग आला होता. आपल्या कामावर कोणी शंका घेतली की सरळ माणसालाही फार लागते. "आता ह्यो एक तुमच्यासाठी उघडू, मग दुसऱ्यासाठी दुसरा उघडू? लई काम पडलंय चाची, जावा तुमी," म्हणाले आणि आत गेले.

सुलतानबी परत माझ्याकडे वळल्या. माझ्या काचेत त्यांच्या पाठीमागची रिकामी जागा दिसत होती, दवाखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी. त्यांनाही ती दिसली असणार. मग पेटी उचलून त्या गेल्या.

सहावा बुधवार गेला. सातवा गेला. आठव्या बुधवारी त्या मैदानाच्या कडेला, रस्त्यापलीकडे, पेटी पायाशी ठेवून उभ्या होत्या. आत आल्या नाहीत. बाजार मोडेपर्यंत तशाच उभ्या होत्या. एक बाई लेकीला घेऊन आली, जागा रिकामी पाहिली आणि कोडोलीत चुडा भरू म्हणत निघून गेली. सुलतानबींनी तिला हाकही मारली नाही.

नवव्या बुधवारी तिथे राजवीर नावाचा तरुण मोबाईलची कव्हरे घेऊन बसला. त्याचा अर्ज दोन वर्षे पडून होता. त्याची काही चूक नव्हती. जागा मिळाल्याचे पत्र माझ्यावर लागले, त्याच आदेशाशेजारी. ते पत्र शिवपुत्र यांनी लावले आणि मी धरून ठेवले. आम्ही दोघांनी मिळून ते काम अगदी नेटके केले.

उन्हाळा लागला आणि सगळी बंधने उठवल्याचे पत्र आले. शिवपुत्र त्याच सकाळी किल्ली घेऊन आले. जुन्या आदेशाच्या चार टाचण्या काढल्या. फाईलला लावण्यापूर्वी कागद मोजायची त्यांची पद्धत होती. पहिले पान उलटले, दुसऱ्यावर नजर गेली आणि या वेळी ती वरून खाली गेली.

त्यांनी नववा मुद्दा वाचला. मग पुन्हा वाचला. मग ते पंचायतीच्या पायरीवर बसले. माझे दार उघडेच राहिले. कितीतरी वर्षांनी बाहेरचा वारा माझ्या कापडाला लागत होता, पण मला त्यात काही सुख वाटले नाही. त्यांनी ते पान स्टेपलातून ओढून काढले, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवले. तेवढ्यात समोरून सुलतानबी आल्या.

"उठलं म्हणं बंधन?"

"व्हय चाची. उठलं." शिवपुत्र उभे राहिले.

"मग बुधवारी बसू का मी?"

"जागा दिली की चाची. आठ बाजार झालतं."

"म्हाईत हाय. तरी बी इचारलं." त्या माझ्याकडे वळल्या. रिकाम्या जागेवर टाचण्यांची चार भोके होती. "त्ये दुसरं पान निघालं का रं?"

"निघालं."

"काय हुतं त्यात?"

मी मनात म्हणालो, सांगा. आत्ता सांगा. खिशात हात घाला. जागा गेली ती गेली, पण त्यांना त्यांचे पान तरी द्या. शिवपुत्र यांचा हात खिशापर्यंत गेला. तिथेच थांबला.

"प्रतींची यादी, चाची. म्या म्हणलं हुतं की."

सुलतानबींनी सुस्कारा टाकला. मोकळ्या झाल्यासारख्या.

"बरं झालं बाबा. चार महिनं माझ्या मनात त्येच चाललं हुतं बघ. वाटायचं, त्यात माझ्यासाठी कायतरी लिवलं असंल आन् तू मुद्दाम दावंना झालायस. लई वंगाळ बोलली मी तुला मनातल्या मनात. नमाजाला बसलं तरी त्येच डोस्क्यात. माझी चूक झाली, शिवपुत्रा." त्यांनी हात जोडले. "माफ कर मला."

शिवपुत्र खाली बघत म्हणाले, "जाऊ द्या, चाची."

मित्रांनो, त्यांनी सुलतानबींना माफ केले आणि मी ते ऐकले.

त्या दिवसापासून शिवपुत्र माझ्याजवळ येत नाहीत. किल्ली त्यांनी शिपायाकडे दिली. आता आदेश फोनवरच येतात आणि फोनवरच वाचले जातात. माझ्या कुलपाला गंज चढला आहे, काचेवर धूळ साचली आहे, एका कोपऱ्यात कोळ्याने घर केले आहे. माझी तक्रार नाही. काच पुसा, रंग द्या, असे मी तुम्हांला सांगणार नाही. धुळीमुळे समोरची जागा मला दिसत नाही, हे माझ्या सोयीचेच आहे.

नियम लोकांच्या भल्यासाठी होते, हे मला मान्य आहे. लसीने माणसे वाचली, तेही मी पाहिले आहे. म्हणूनच सांगतो, तुम्ही मोठे व्हाल, कोणी साहेब व्हाल, कोणी क्लार्क व्हाल. कोणाच्या पोटाशी संबंध असलेला कागद तुमच्या हातात येईल, तेव्हा तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि कोणी काचेवर बोट ठेवून खालच्या पानाबद्दल विचारले, तर कितीही काम असले तरी कुलूप काढून दाखवा.

आणखी एक विनंती आहे, ती तेवढी ऐका. सुलतानबी आता गुडघे चोळत गावोगाव फिरतात. कोडोलीच्या एसटी स्टँडवर, नाहीतर पन्हाळ्याच्या वाटेवर, बांगड्यांची पेटी घेतलेली एक चष्मेवाली म्हातारी तुम्हांला भेटली, तर तिच्याजवळ थांबा. माझे पाय भिंतीत आहेत आणि मला तोंड नाही, म्हणून तुम्ही सांगा. म्हणावे, चाची, दुसऱ्या पानावर तुमच्यासाठीच लिहिले होते. माफी तुम्ही मागायची नव्हती.